‘मी’, ‘आम्ही’ आणि लिंगभाव : एकांत-लोकांताच्या द्वंद्वाविषयी

मराठी समीक्षेत आत्मशोधाची चर्चा होते तेव्हा एकांत ही त्या शोधाची स्वाभाविक जागा मानली जाते. व्यक्ती समूहापासून अलग होते, स्वतःशी संवाद करते आणि त्या संवादातून तिला आपल्या ‘स्व’चे आकलन होते, असे या विचारामागचे गृहीतक आहे. नवकाव्याने आणि नवकथेने ते दृढ केले. ‘कोसला’ने (१९६३) त्याला कादंबरीच्या पातळीवर एक अविस्मरणीय निवेदक दिला. याच गृहीतकाची दुसरी बाजू अशी, की लोकांत म्हणजे मुखवट्यांचे क्षेत्र. तेथे माणूस भूमिका वठवतो, एकांतात तो खरा असतो. लिंगभावाच्या आत्मभानाविषयीचे लेखन वाचतानाही हीच चौकट आपोआप वापरली जाते. जन्मतः दिलेले लिंग हे समाजाने चढवलेले आवरण, अंतर्यामी जाणवणारे लिंग हे सत्य, आणि आत्मकथन म्हणजे आवरणाकडून सत्याकडे होणारा प्रवास, असे वाचन सुलभ असते आणि सहानुभूतीचेही असते. परंतु ते पुरेसे आहे काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की मराठीत लिहिल्या-बोलल्या जाणाऱ्या लिंगभावाच्या बाबतीत ही चौकट अनेकदा उलटी होते. ज्याला एकांत म्हणावे तेथे भाषा व्यक्तीची सर्वांत कठोर उलटतपासणी करते, आणि ज्याला लोकांत म्हणावे त्याच्या काही रूपांत तिला थोडी मोकळीक मिळते. मात्र त्या मोकळिकीचीही किंमत असते. ही किंमत आणि ही मोकळीक यांचा हिशेब ज्या संहितेत दिसतो, ती संहिता वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाची ठरते. या विवेचनासाठी विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक आणि ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ (२०१२) हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे, वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन या दोन संहिता प्रामुख्याने विचारात घेतल्या आहेत. त्याआधी दोन गोष्टींची दखल घ्यावी लागते : मराठी क्रियापदाची आणि ज्या उपनगरी अवकाशात हे प्रश्न आज मोठ्या संख्येने जगले जातात त्या अवकाशाची.

१

मराठीत प्रथमपुरुषी एकवचनी बोलणाऱ्याला आपले लिंग झाकून ठेवणे कठीण असते. ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’, ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, यांखेरीज तिसरा पर्याय प्रमाण मराठीत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला किंवा तमिळ बोलणाऱ्याला ‘मी’विषयी बोलताना ही निवड करावी लागत नाही. मुलुंड-घाटकोपरच्या मराठी माणसाच्या शेजारी राहणारा गुजराती माणूस ‘हुं जाउं छुं’ असे म्हणतो तेव्हा तो पुरुष आहे की स्त्री हे त्या वाक्यावरून कळत नाही. भूतकाळात मात्र त्यालाही निवड करावी लागते. मराठीत ती वर्तमानकाळातच करावी लागते. हा केवळ व्याकरणाचा तपशील नव्हे. मनातल्या मनात बोलणारा माणूसही भाषेतच बोलतो. दार लावून, दिवा मालवून स्वतःशी बोलणाऱ्या मराठी माणसालाही ‘आज मी दमलो’ की ‘आज मी दमले’ हे ठरवावेच लागते. समाज ज्याला आपण दाराबाहेर ठेवला असे समजतो, तो क्रियापदाच्या प्रत्ययातून खोलीत आधीच येऊन बसलेला असतो. पांडुरंग सांगवीकरसारख्या निवेदकाला आपल्या क्रियापदाचे लिंग कधी तपासावे लागत नाही. त्याचा एकांत त्या अर्थाने सवलतीचा एकांत आहे, आणि आत्मशोधाचे आपले प्रतिमान अशाच सवलतीच्या एकांतावर उभे राहिले आहे.

तथापि मराठीने काही आडोसेही ठेवले आहेत. ‘मला वाटते’, ‘मला कळले’, ‘मला उमगले’ या रचनांत बोलणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. ‘मी पाहिले’, ‘मी सांगितले’, ‘मी लिहिले’ या सकर्मक भूतकाळी रचनांत क्रियापद कर्माच्या मागे जाते. ‘मी जाईन’ हा भविष्यकाळ आणि ‘मी जात नाही’ हा नकारही लिंगनिरपेक्ष आहे. सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे ‘मी आहे’ हे वाक्य कोणाही मराठी माणसाला लिंग न सांगता म्हणता येते. परंतु त्याचा भूतकाळ करावयाचा झाला की ‘मी होतो’ किंवा ‘मी होते’ असे म्हणणे भाग पडते. वर्तमान अस्तित्वाला मराठी भाषा लिंग विचारत नाही, गेलेल्या अस्तित्वाला विचारते. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार तर भूतकाळावर उभा आहे. म्हणून मुलगा म्हणून वाढवल्या गेलेल्या आणि पुढे स्त्री म्हणून किंवा हिजडा म्हणून जगणाऱ्या व्यक्तीने मराठीत आपले बालपण सांगायला घेतले, की पहिल्याच वाक्यात तिला एक निर्णय घ्यावा लागतो. ‘मी लहान होतो’ म्हणावे तर आजची ओळख मागाहून घेतलेली ठरते. ‘मी लहान होते’ म्हणावे तर त्या वेळी नसलेली स्पष्टता त्या मुलावर लादली जाते. हा निर्णय लेखक एकांतात घेतो असे दिसले, तरी तो वाचकाला समोर ठेवूनच घेतला जातो.

हे प्रत्यय प्रकृतीचे नसून रूढीचे आहेत, याचा पुरावाही मराठीतच आहे. कोल्हापूर भागातील बोलीत स्त्रिया सहजपणे ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असे म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाविषयी कोणाला शंका येत नाही. हीच वाक्ये घेऊन एखादी मुलगी मुंबईच्या उपनगरात राहावयास आली, की तिची चेष्टा होते आणि तिचे क्रियापद दुरुस्त केले जाते. म्हणजे ‘मी’चे लिंग गावागणिक बदलू शकते, न बदलणारी गोष्ट कोणती असेल तर ती दुरुस्त करणारा समाज. हिंदीतही प्रथमपुरुषी क्रियापद लिंगदर्शक आहे. कीरा हॉल आणि व्हेरॉनिका ओ’डोनोव्हन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बनारसमधील हिजडे स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी क्रियापदे प्रसंगानुरूप आलटून पालटून वापरतात आणि त्यामागे जवळीक, अधिकार, राग अशी कारणे असतात असे दाखवले आहे. तेथे क्रियापद हा अंतर्यामीच्या सत्याचा आरसा नसतो. समोर कोण आहे यावर ते ठरते.

या दृष्टीने मराठी सर्वनामांचा विचार केला तर एक विलक्षण रचना हाती लागते. ‘मी’, ‘तू’ आणि ‘तो-ती’ या एकवचनांना लिंग द्यावे लागते : ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’. अनेकवचनात मात्र ‘आम्ही गेलो’ हे वाक्य पुरुषही म्हणतात आणि स्त्रियाही म्हणतात. ‘तुम्ही आलात’ हे कोणालाही म्हणता येते. म्हणजे भाषा एकट्याला लिंग विचारते, समूहात मिसळल्यावर विचारत नाही. जवळच्या ‘तू’ला विचारते, आदरार्थी ‘तुम्ही’ला विचारत नाही. घरात आई मुलाला ‘तू’ म्हणते, त्यामुळे घरातील जवळपास प्रत्येक वाक्य त्याच्या लिंगाची नोंद करीत राहते. ज्याच्याविषयी बोलले जाते, त्या तृतीयपुरुषाची तर ‘ते’ आणि ‘त्या’ या आदरार्थी रूपांतही सुटका होत नाही. एकांतात आणि घरात सक्ती, परक्यात आणि समूहात मुभा, असा हा क्रम आहे. एकांत-लोकांताची रूढ वाटणी येथेच डळमळू लागते.

२

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या अवकाशात हीच उलटापालट प्रत्यक्ष भौतिक रूपात दिसते. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात मराठी मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. चाळ, वन-रूम-किचन, एकाच खोलीत झोपणारी तीन पिढ्यांची माणसे हा या जीवनाचा परिचित तपशील आहे. ‘स्वतःची खोली’ ही व्हर्जिनिया वूल्फने १९२९ साली मांडलेली मागणी लेखनाच्या संदर्भात आपल्याकडे पुष्कळ चर्चिली गेली. परंतु आरशासमोर एकटे उभे राहता येणे हीही एक जागेची मागणी आहे, याकडे कमी लक्ष गेले. साडी नेसून पाहणे, आवाज बदलून पाहणे, केस वेगळे विंचरणे या गोष्टी मूल एकांतात करते असे आत्मकथनांतून आणि कथांतून गृहीत धरले जाते. ज्या घरात कडी लावलेले दार हाच संशयाचा विषय असतो, त्या घरात हा एकांत काही मिनिटांचा आणि भीतीने भरलेला असतो. तो शोधाचा एकांत नसून लपण्याचा असतो. या दोहोंत फरक न केल्यास विवेचनात मोठी गफलत होते.

घराबाहेरही उपनगर लिंगाची मागणी करते. लोकल गाडीत चढण्यापूर्वी फलाटावर उभे राहण्याची जागा ठरवावी लागते : महिलांच्या डब्यासमोर की सर्वसाधारण डब्यासमोर. चर्चगेट आणि बोरिवली यांदरम्यान ५ मे १९९२ रोजी महिलांसाठी स्वतंत्र गाडी सुरू झाली, तेव्हा नोकरदार स्त्रियांना मिळालेला दिलासा खरा होता आणि तो आवश्यकही होता. पण ज्याच्या चेहऱ्याविषयी आणि कपड्यांविषयी सहप्रवाशांचे एकमत होत नाही, त्याला डबा निवडणे हे क्रियापद निवडण्यासारखेच असते. प्रवास टाळता येत नाही आणि निवडीशिवाय प्रवास करता येत नाही. असे असूनही ही गर्दी केवळ जाचक नसते. अंधेरीच्या पुलावर हजारो माणसे अंगाला अंग घासून चालतात तेव्हा कोणी कोणाकडे पाहत नाही. मुलुंडच्या वस्तीत ज्याला प्रत्येक जण नावाने आणि वडिलांच्या नावाने ओळखतो, तो पलीकडच्या उपनगरात उतरला की अनोळखी होतो. घरात न मिळालेला एकांत त्याला गर्दीत मिळतो. परक्यांचे न पाहणे ही महानगराने दिलेली एक प्रकारची खोलीच आहे.

येथून पुढे प्रश्न असा उभा राहतो, की अनोळखी असणे म्हणजे आत्मभान येणे काय? तसे नाही. न पाहिले जाण्याने भीती जाते, पण नाव मिळत नाही. त्यासाठी पाहणारा, आणि योग्य तऱ्हेने पाहणारा, कोणीतरी लागतो. या टप्प्यावर उपरोक्त दोन संहिता बोलू लागतात.

३

‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. नाटकाचा काळ स्वातंत्र्यपूर्व आहे आणि स्थळ पुण्याचे महाविद्यालयीन विश्व आहे. सुमित्रा देव, जिला सारे ‘मित्रा’ म्हणतात, हिला आपण इतर मुलींसारख्या नाही हे कळून चुकलेले आहे. तिचे नमा या मुलीवर प्रेम आहे आणि ही सारी कथा आपल्याला बापू या तिच्या मित्राकडून कळते. आज लैंगिक कल आणि लिंगभाव यांत जो भेद केला जातो तो या नाटकात सुटा झालेला नाही. मित्राचे पुरुषी वागणे आणि तिचे स्त्रीविषयक आकर्षण यांकडे तिचे सहाध्यायी एकच गोष्ट म्हणून पाहतात. हे नाटकाचे वैगुण्य म्हणण्यापेक्षा तत्कालीन मराठीतील शब्दांच्या टंचाईचे चित्र म्हणणे अधिक योग्य.

शीर्षकातच तेंडुलकरांनी एक श्लेष साधला आहे. ‘मित्राची गोष्ट’ म्हणजे मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट आणि ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाच्या षष्ठीनुसार एका मित्राचीही गोष्ट. विभक्तिप्रत्यय लागताच स्त्रीलिंगी नाव आणि पुल्लिंगी नाम एकरूप होतात. मित्राला आयुष्यात जी संदिग्धता जगू दिली जात नाही, ती शीर्षकाच्या व्याकरणाने तिला दिली आहे. महाविद्यालयातील नाटकात पुरुषाची भूमिका करण्याचा जो प्रसंग येतो तोही याच अर्थाने मध्यवर्ती आहे. स्टेजवर मित्रा पुल्लिंगी क्रियापदे वापरू शकते, कारण रंगमंच ही अशी जागा आहे जेथे सर्वांच्या देखत ‘दुसरे’ होण्याची परवानगी असते. मराठी रंगभूमीला हे नवे नाही. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) मुखातून ‘मी आले’ ऐकताना प्रेक्षकांनी त्यांना दाद दिली, जाब विचारला नाही. परंतु ही मुभा पडदा पडेपर्यंतच असते. मित्राला आपला सूर रंगमंचावर, म्हणजे लोकांच्या नजरेसमोर, सापडतो आणि पडदा पडल्यावर त्याच लोकांकडून हिरावून घेतला जातो.

मित्राची शोकांतिका एकांतामुळे घडते असे म्हटले जाते तेव्हा नेमके काय अभिप्रेत असते, हे पाहिले पाहिजे. तिला एकांत हवा तेवढा आहे. तिला स्वतःविषयी अज्ञान नाही. उलट सभोवतालच्या कोणाहीपेक्षा तिला स्वतःविषयी अधिक ठाऊक आहे. तिच्याजवळ नाही ते ‘आम्ही’. बापू हा तिचा एकमेव श्रोता आहे. तो सहृदय आहे, पण तो भित्रा आहे, तिच्या प्रेमाचा दूतही आहे आणि अखेरीस समाजाचाच एक घटक आहे. एकाच श्रोत्यावर एका आयुष्याचे संपूर्ण आत्मभान तोलले गेले, की श्रोता मागे सरताच ते कोसळते. मित्राच्या आत्महत्येनंतर कथा सांगण्यासाठी बापू उरतो. मित्राचा ‘मी’ बापूच्या ‘ती’मध्ये रूपांतरित होऊनच आपल्यापर्यंत पोहोचतो. आत्मज्ञान पूर्ण आणि आत्मकथन अशक्य, अशी ही अवस्था आहे. एकांतात सत्य सापडते हे गृहीतक नाटक नाकारत नाही. सापडलेल्या सत्यावर एकट्याने जगता येत नाही, इतकेच ते दाखवते.

४

‘मित्राची गोष्ट’नंतर तीन दशकांनी आलेल्या ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’मध्ये परिस्थिती बदललेली आहे. मुलुंडला लागून असलेल्या ठाण्यातील एका सनातनी ब्राह्मण, उत्तर भारतीय कुटुंबात ज्येष्ठ मुलगा म्हणून वाढलेले, वारंवार आजारी पडणारे, नृत्यात रमणारे आणि त्यावरून हिणवले जाणारे एक मूल येथे निवेदनाच्या केंद्रस्थानी आहे. विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयातील शिक्षण, नृत्याचे वर्ग, १९९८ च्या सुमारास हिजडा समाजात रीतसर प्रवेश, पुढे स्वयंसेवी संस्थांचे काम, डान्स बार बंदीविरोधातील लढा आणि आंतरराष्ट्रीय व्यासपीठे असा हा प्रवास आहे. मित्राला जे मिळाले नाही ते ‘आम्ही’ येथे भरपूर आहे.

शीर्षकाकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद नाही. मराठीत नामवाक्यातील ‘आहे’ गाळता येते आणि येथे ते गाळले आहे. लिंगाची सक्ती ज्यातून होऊ शकते ते क्रियापदच शीर्षकातून निघून गेले आहे. पहिल्या वाक्यात समूहाचे नाव, दुसऱ्यात व्यक्तीचे नाव, आणि मध्ये काही टिंबे. व्याकरणाने पुल्लिंगी असलेले नाम आणि व्याकरणाने स्त्रीलिंगी असलेले नाव एकाच ‘मी’ला जोडले गेले आहे. हे नावही बाहेरून आणलेले नाही. आई-वडिलांनी ठेवलेल्या ‘लक्ष्मीनारायण’ या देवतावाचक सामासिक नावात स्त्री आणि पुरुष दोघेही आधीपासून होते. निवेदकाने त्याचा पूर्वार्ध उचलला. समाजाने दिलेली गोष्ट पूर्णपणे टाकून न देता तिच्यातील एक शक्यता निवडणे, ही कृती निखळ बंडाची नाही आणि निखळ स्वीकाराचीही नाही.

या आत्मकथनातील निर्णायक क्षण एकांतातील साक्षात्काराचे नाहीत. शाळकरी वयात अशोक राव कवी यांच्याशी झालेली भेट हा त्यांपैकी एक. राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे सांताक्रूझच्या वाकोला भागातून या संस्थेचे काम चालले. तुझ्यात काही विकृत नाही, अभ्यासाकडे लक्ष दे, या आशयाचे त्यांचे बोलणे त्या मुलाला आधार देते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मिळालेले उत्तर ‘तू अमुक आहेस’ असे नाही. तू काय आहेस हे ठरवण्यासाठी वेळ घे, असे त्या उत्तराचे सार आहे. म्हणजे एका वडीलधाऱ्याने या मुलाला एकांत दिला, भीती वजा केलेला एकांत. घरात तो नव्हता आणि शाळेत तर नव्हताच. चांगला समाज व्यक्तीला ओळख देतो असे आपण म्हणतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तो ओळख ठरवण्याची घाई थांबवतो.

पुढे गुरू-चेल्याच्या परंपरेत प्रवेश झाल्यावरही लक्ष्मी ठाण्याचे घर सोडत नाही, ही या संहितेतील सर्वांत अर्थपूर्ण घटना मानावी लागते. हिजडा समाजाची रीत सामान्यतः नवे कुटुंब देते आणि जुने सोडावयास लावते. येथे दोन्ही कुटुंबे राहतात. एका ठिकाणी गुरूची चेला, दुसऱ्या ठिकाणी थोरला मुलगा. रूढ वाचन याला दुहेरी आयुष्य म्हणेल आणि त्यात अप्रामाणिकपणा शोधेल. परंतु कोणतेही एक क्रियापद आपल्याला पुरत नाही, याचीच ही जगून दिलेली कबुली आहे. दोन्ही घरांत माणसांचा गराडा आहे. एकटेपण आहे ते या दोन घरांमधल्या ये-जा करण्यात.

५

या आत्मकथनावर दोन आक्षेप घेता येतात आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पहिला असा, की ते शब्दांकन आहे. सांगणारी एक आणि लिहिणारी दुसरी असेल तर त्यातील ‘मी’ कोणाचा? या आक्षेपामागे पुन्हा एकांताचेच प्रतिमान आहे : अस्सल आत्मकथन एकट्याने, स्वतःच्या हाताने लिहिले जाते. मराठी वाङ्मयाने या प्रतिमानाला यापूर्वीच छेद दिला आहे. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दया पवार हे दगडू पवारची कहाणी ऐकतात, एकच व्यक्ती सांगणारा आणि ऐकणारा अशी दुभंगते आणि त्या दुभंगातूनच बोलणे शक्य होते. दलित आत्मकथनांच्या चर्चेत ‘मी’च्या कथेमागे समूहाची कथा असते, हेही वारंवार मांडले गेले. लक्ष्मीच्या बाबतीत श्रोता बाहेरचा आहे, आणि श्रोता असल्यामुळेच सांगणारीला आपल्या विस्कळीत आठवणी क्रमाने लावाव्या लागतात. मित्राला बापू मिळाला तो तिची गोष्ट तिच्या मरणानंतर सांगण्यासाठी. येथे श्रोता जिवंतपणी मिळाला. वाङ्मयप्रकारातील हा फरक म्हणजे तीन दशकांच्या सामाजिक इतिहासाचा आशय आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रवक्तेपणाने या आत्मकथनातील संशय कमी केला आहे काय? ज्या व्यक्तीला न्यायालयात, दूरचित्रवाणीवर आणि परिषदांत एका समूहाच्या वतीने बोलावे लागते, तिला ‘मला अजून नीट कळलेले नाही’ असे म्हणण्याची चैन परवडत नाही. ‘आम्ही’ने क्रियापदाच्या सक्तीतून सोडवले, पण ‘आम्ही’च्या निश्चित स्वरात ‘मला वाटते’ हा कोवळा, आडोशाचा स्वर हरवू शकतो. पुस्तकाच्या उत्तरार्धात घटना, भेटी आणि व्यासपीठे यांची गर्दी वाढते आणि पूर्वार्धातील संभ्रमाची घनता विरळ होते, हे मान्य करावे लागते. समूहाने दिलेल्या मुभेची किंमत ती हीच. मात्र तिची जबाबदारी एकट्या निवेदकावर टाकता येत नाही. जो समाज ठाम उत्तराशिवाय हक्क देत नाही, तो संशयाच्या वाङ्मयाची वाट स्वतःच अडवत असतो.

कायद्याच्या भाषेत हाच ताण दिसतो. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःला जाणवणारा लिंगभाव हाच ओळखीचा आधार मानला. त्रिपाठी या त्या प्रकरणात हस्तक्षेपक होत्या. २०१९ च्या कायद्याने मात्र त्या ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची तरतूद केली. म्हणजे आकलन एकांतात आणि त्याची नोंद कचेरीत. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात प्रथमच ‘इतर’ हा पर्याय आला आणि देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची त्यात नोंद झाली. पण जनगणनेची माहिती बहुधा कुटुंबातील एक जण सर्वांच्या वतीने देतो. घरच्यांनी ‘तो’ म्हटले की ‘ती’ म्हटले की ‘इतर’, यावर तो आकडा उभा आहे. ज्या खोलीत आरसा मोकळा मिळत नाही, त्याच खोलीच्या उंबरठ्यावर प्रगणकाने हा प्रश्न विचारलेला असतो.

६

या संदर्भात मराठीतील शब्दांची निवडही तपासण्यासारखी आहे. ‘तृतीयपंथी’ या शब्दात ‘पंथ’ आहे. पंथाला गुरू असतो, रीत असते, सोबत चालणारी माणसे असतात. तो एकट्याचा नसतो. अलीकडे रूढ होत असलेल्या ‘पारलिंगी’ या शब्दात समूह नाही. तो व्यक्तीच्या स्थितीचे वर्णन करतो, आणि ज्यांना कोणत्याही घराण्यात जायचे नाही त्यांना तो अधिक सोयीचा वाटतो. मुलगी म्हणून वाढवल्या गेलेल्या आणि स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या व्यक्तींसाठी तर परंपरेने कोणताच पंथ ठेवलेला नाही; ‘तृतीयपंथी’ म्हटल्यावर त्या कोणाच्या डोळ्यांसमोरही येत नाहीत. मित्राचा एकाकीपणा त्यांच्या वाट्याला आजही येऊ शकतो. मालाडच्या मालवणी भागात काम करणाऱ्या, गौरी सावंत यांच्या संस्थेचे नाव ‘सखी चारचौघी’ असे आहे. ‘चारचौघींसारखी’ या मराठी वाक्प्रचारात सामान्य असण्याची, वेगळे उठून न दिसण्याची इच्छा आहे. त्यातील ‘सखी’ एकवचनी आहे आणि ‘चारचौघी’ अनेकवचनी. एकीला सखी हवी आणि चौघींत मिसळताही यावे, एवढी साधी मागणी त्या नावात आहे. एकांत आणि लोकांत यांच्या समतोलाचे याहून नेमके सूत्र सिद्धान्ताच्या पुस्तकात सहज सापडणार नाही.

सारांश, लिंगभावाच्या आत्मभानाविषयीचे मराठी लेखन वाचताना ‘निवेदक अंतर्यामी किती खोल उतरला’ हा एकच निकष अपुरा ठरतो. त्याच्या जोडीला आणखी काही प्रश्न विचारावे लागतात. या निवेदकाला एकांत कोणी दिला, आणि तो लपण्याचा होता की शोधण्याचा? त्याचे ‘मी’ ऐकणारे किती जण होते? ‘आम्ही’त मिसळताना त्याच्या शंकेचे काय झाले? संहितेने क्रियापदाची सक्ती कोठे पाळली, कोठे आडोसा घेतला आणि कोठे ती मोडली? हे प्रश्न समाजशास्त्राचे आहेत म्हणून समीक्षेने दूर ठेवावेत असे नाही. ते वाक्यरचनेत, शीर्षकात आणि निवेदनपद्धतीत उत्तरे मागतात, म्हणून ते वाङ्मयाचेच आहेत.

असे वाचन करताना आणखी एक पथ्य पाळावे लागेल. आपण पहिल्यापासून हेच होतो, असे निवेदकाने निःसंदिग्धपणे सांगावे ही वाचकाची अपेक्षा असते. ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ यांपैकी एक रूप निवडून ते शेवटपर्यंत चालवणारे आत्मकथन या अपेक्षेमुळे अधिक प्रामाणिक वाटते. परंतु एखाद्या संहितेत ही रूपे अडखळत असतील, एका परिच्छेदात एक आणि दुसऱ्यात दुसरे येत असेल, तर तिला प्रमाणलेखनाचा दोष मानून दुरुस्त करण्यापूर्वी संपादकाने आणि समीक्षकाने थांबावे. कोल्हापूरच्या मुलीचे क्रियापद उपनगराने दुरुस्त केले. तीच घाई वाङ्मयाच्या बाबतीत होऊ नये, कारण त्या अडखळण्यातच एका माणसाने एकट्याने आणि चौघांत मिळून काढलेल्या वर्षांचा हिशेब असू शकतो.